आर्ब्रोथ, बंदराच्या अंगाने

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत माझ्या भाषणापुढे ‘रम्य सागरकिनारी’ असं छापलंय. नोकरीसाठी काही वर्षं स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ गावी काढल्यावर ‘रम्य’ म्हणायला मी जरा कचरते. पलीकडे डंडी शहरात लख्ख ऊन असतं आणि इथे उत्तर समुद्रावरून असं दाट धुकं चढतं, की ऐन जूनमध्ये स्वेटर शोधावा लागतो.

आर्ब्रोथला येणारे बहुतेक जण लाल दगडाचा मठ बघतात, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या 1320 च्या जाहीरनाम्याबद्दल वाचतात, फोटो काढतात आणि परततात. मठ बघाच. पण गावाचा जीव आहे बंदराजवळच्या ‘फिट ओ द टून’ या कोळीवाड्यात. माझ्या शेजारच्या आजी तिथल्याच. त्यांचं मूळ घराणं ऑख्मिथीचं, म्हणजे किनाऱ्याने थोडं वर, कड्यावरच्या खेड्यातलं. तिथे पूर्वी धक्काच नव्हता, होड्या थेट किनाऱ्यावरून पाण्यात लोटायच्या. दर्यावर जाण्याआधीच नवऱ्याचे पाय भिजू नयेत म्हणून बायका त्याला पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत पोचवत. त्याआधी घरी बसून शेकडो गळांना शिंपल्यातलं मांस लावलेलं असे, ते वेगळंच. हे सांगताना आजींच्या आवाजात कौतुक कमी आणि तक्रार जास्त असायची, आणि मला ती रास्तच वाटायची.

आर्ब्रोथची प्रसिद्ध ‘स्मोकी’, म्हणजे धुरावलेला हॅडॉक मासा, हीही मूळची ऑख्मिथीचीच. हॅडॉकचं डोकं उडवून, पोट साफ करून तो मिठात ठेवतात. मग दोन-दोन मासे शेपटीला सुतळीने बांधून काठीवर टांगतात. खाली टणक लाकडाचा विस्तव, वर ओलं गोणपाट. गोणपाट सुकलं की आग भडकते, म्हणून त्याच्यावर सतत नजर. तासाभरात मासा तांबूस-सोनेरी होतो आणि धुरातच शिजून निघतो. 2004 पासून गावाच्या आठ किलोमीटर परिसरात केलेल्या माशालाच हे नाव लावता येतं. बाजारातून घेतलीत तर घरी नेऊन रस्सा करायच्या भानगडीत पडू नका. कागदातच उघडा, मधला काटा एका ओढीत निघतो, आणि गरम आहे तोवर खा.

बंदराजवळच पांढरा सिग्नल टॉवर आहे, 1813 चा. समोर समुद्रात अकरा मैलांवर बेल रॉक दीपगृह. तो खडक भरतीला पूर्ण बुडतो, त्यामुळे ते बांधणाऱ्या अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या माणसांना ओहोटीच्या जेमतेम दोन-तीन तासांत पाया खणावा लागे. दिवा पेटला 1811 मध्ये. पूर्वी दीपगृहाचे रखवालदार तिकडे, बायकापोरं या टॉवरच्या आवारात. कोणाला मूल झालं की टॉवरवर मुलगा असेल तर विजार आणि मुलगी असेल तर परकर चढवत, असं गावात सांगतात. बापाने ते दुर्बिणीतून बघायचं!

सहल समितीला एक विनंती. शनिवारी गेफील्डला, म्हणजे आर्ब्रोथच्या फुटबॉल मैदानावर, सामना असेल तर तिकिटं काढा. मैदान समुद्राला इतकं खेटून आहे की लाटांचे शिंतोडे अंगावर येतात. 1885 मध्ये आर्ब्रोथने बॉन अकॉर्ड या संघाला 36-0 असं हरवलं, आणि आर्ब्रोथचा गोलरक्षक म्हणे सामनाभर एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा होता. तुम्ही मात्र छत्री आणू नका, त्या वाऱ्यात ती टिकत नाही. कानटोपी आणा.