पाच बादल्या दूध

[दृश्य: पहाट. गोठा. ओळीने मांडलेल्या बादल्या.]

मालकाला हाकलून एक रात्र झालीय. गाई हंबरतायत. चोवीस तास धार निघालेली नाही, कासा तटतटल्यात. डुकरं पुढे होतात. त्यांच्या खुरांना हे काम बरं जमतं. बघता बघता फेसाळ दुधाच्या पाच बादल्या भरतात.

आता याचं करायचं काय? एक कोंबडी म्हणते, मालक कधीकधी आमच्या खाण्यात थोडं घालायचा. डुकरांतला दांडगा नेपोलियन बादल्यांसमोर येऊन उभा राहतो. दुधाचं बघू नंतर, आधी गवत कापायचंय. सगळे शेतात जातात. संध्याकाळी परत येतात, तर दूध गायब.

जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'चं हे दुसरं प्रकरण. प्राणी मालकाला हाकलून शेत स्वतः चालवू लागतात, आणि हळूहळू डुकरंच नवे मालक होतात. रशियन क्रांतीचं हे रूपक. लोकांच्या लक्षात राहतात त्या भिंतीवर लिहिलेल्या प्राण्यांच्या सात आज्ञा, डुकरांनी गुपचूप बदललेल्या. आणि रात्री मोडक्या शिडीशेजारी, पांढऱ्या रंगाच्या सांडलेल्या डब्याजवळ पडलेला स्क्वीलर, नेपोलियनचा प्रचारक डुक्कर. पण गोष्ट फिरते ती या दुधापाशी आणि पुढे सफरचंदांपाशी. खुद्द ऑर्वेलनेच 1946 साली एका पत्रात तसं लिहिलंय. शेजारी कंसात एकच शब्द: क्रॉनस्टाट.

[दृश्य: बर्फाने गोठलेला समुद्र.]

क्रॉनस्टाट म्हणजे पेट्रोग्राडजवळचा, आजच्या सेंट पीटर्सबर्गजवळचा, आरमारी तळ. 1917 च्या क्रांतीत इथले खलाशी आघाडीवर होते. 1921 मध्ये तेच म्हणू लागले, सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या पंचायतींच्या, निवडणुका पुन्हा घ्या, गुप्त मतदानाने. त्या मार्चमध्ये गोठलेल्या समुद्रावरून लाल सेना त्यांच्यावर चालून आली. सेनेचं खातं तेव्हा ट्रॉट्स्कीकडे होतं, पुढे स्टालिनने हद्दपार केलेल्या नेत्याकडे.

ट्रॉट्स्की हे नाव महत्त्वाचं. नेपोलियन म्हणजे स्टालिन, त्याचा प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, हे समीकरण सगळ्यांना पाठ आहे. त्यावरून अनेकांना वाटतं, स्नोबॉलला कुत्र्यांकरवी पळवून लावलं नसतं तर सगळं सुरळीत चाललं असतं. पुस्तक असं म्हणत नाही. गळून पडलेली सफरचंदं फक्त डुकरांसाठी, या ठरावावर तमाम डुकरांचं एकमत होतं. एरवी प्रत्येक सभेत एकमेकांच्या विरोधात उभे राहणारे ते दोघेही इथे एका बाजूला. बिचारा स्नोबॉल म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावं.

प्रकाशक मिळेनात. रशिया तेव्हा ब्रिटनचा दोस्त होता. 1944 मध्ये फेबर प्रकाशनातर्फे कवी टी. एस. एलियट यांनीही हस्तलिखित परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, डुकरं बाकीच्यांपेक्षा हुशार आहेतच, तेव्हा हवीत ती लोकहिताची जास्त चाड असलेली डुकरं. एवढा मुरलेला वाचक, पण त्या पाच बादल्या त्यांच्याही नजरेतून निसटल्या असाव्यात.

स्टालिनवर राग धरायला ऑर्वेलकडे कारणं होती. 1937 साली स्पेनच्या यादवीत त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. ती बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूची होती, ज्याच्याविरुद्ध तो लढत होता. पण जीव वाचवून तो बार्सेलोनात येतो, तर मॉस्कोच्या इशाऱ्यावर त्याच्याच सोबत्यांची धरपकड चाललेली. बायकोसह तो कसाबसा फ्रान्सची हद्द ओलांडून निसटला.

आणि तरीही मार्च 1945 मध्ये, पुस्तक छपाईला गेलेलं असताना, त्याने पॅरिसहून प्रकाशकाला एक दुरुस्ती कळवली. शत्रू सुरुंग लावून प्राण्यांनी बांधलेली पवनचक्की उडवतात, तेव्हा नेपोलियनसकट सगळे प्राणी जमिनीवर लोळण घेतात, असं मूळ वाक्य होतं. 'नेपोलियनसकट' काढा, 'नेपोलियन सोडून' घाला. जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्को सोडून गेला नव्हता. त्याच्यावर अन्याय नको.

17 ऑगस्ट 1945 ला पुस्तक बाहेर पडलं, या दुरुस्तीसह.

[दृश्य: स्फोट. कबुतरं भर्रकन उडतात. काळा धूर.]

घोडे, मेंढ्या, कोंबड्या, सगळे पालथे, तोंड लपवून. एकच डुक्कर उभं आहे.