परसातली शांतता कोण राखते?

सभ्य श्रोतेहो, आजच्या पत्रिकेवर ‘मांजर आणि कोंबड्या यांना एकमेकांची सवय कशी लावावी’ असा विषय छापला आहे आणि त्याकडे मी यथावकाश येणारच आहे. परंतु सभागृहातील बहुतेकांच्या घरी दोन्ही प्राणी नांदत असल्याने, फार दिवस मनात घोळणारे एक मत आधी मांडून मोकळा होतो. परसात मांजर आणि कोंबड्या गुण्यागोविंदाने राहताना दिसल्या की आपण मांजराच्या स्वभावाचे कौतुक करतो. माझ्या मते त्या कौतुकावर हक्क कोंबडीचा आहे.

घरचे मांजर साधारण ४ ते ५ किलो वजनाचे असते. ते एकट्याने दबा धरून शिकार करते आणि जखमी होणे त्याला परवडत नाही, म्हणून उंदीर, पाल, चिमणी अशा एका झेपेत आटोपणाऱ्या भक्ष्यावरच त्याचा भर असतो. पूर्ण वाढलेली कोंबडी दीड-दोन किलोंची, चोच आणि नख्या बाळगणारी आणि वेळ आली तर पंख फडकावून अंगावर येणारी असते. तेव्हा मांजर तिला सोडते ते दयेपोटी नव्हे. मात्र यासाठी कोंबडीने एक पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे तिने पळता कामा नये. पळत्याच्या मागे धावणे मांजराच्या रक्तातच आहे.

येथे आमच्या बोक्याची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. ज्यांनी ती पूर्वी ऐकली आहे त्यांनी कृपया नव्याने हसावे. कुंड्यांआड पोट जमिनीला टेकवून, शेपटीचे टोक तेवढे हलवीत, हे महाशय तलंगांवर नजर लावून बसले होते. तलंगा कलकलाट करीत पांगल्या आणि त्याने झेपेसाठी अंग आवळले. तुरा एका बाजूला कलंडलेली एक थोराड कोंबडी मात्र उकरता उकरता थांबली. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे कोणाला निरखायचे झाल्यास तिला मान वळवून एक डोळा रोखावा लागतो. तसा तिने तो रोखला, मानेची पिसे फुलवली आणि एकेक पाय उचलून ठेवीत ती सरळ त्याच्याकडे चालत गेली. बोका क्षणभर थबकला आणि मग शांतपणे आपला पंजा चाटू लागला, जणू त्याच कामासाठी तो इतका वेळ तेथे बसला होता. माघार घेण्याची इतकी अब्रूदार रीत माणसांनाही साधत नाही. पुढे पुढे ती कोंबडी त्याच्या ताटलीतले खाणे टिपू लागली आणि हा भिंतीवर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहू लागला.

कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची पक्की उतरंड असते, हे नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डरप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी मांडले. त्या उतरंडीत कोंबड्या मांजरालाही एक पायरी नेमून देतात, अशी माझी समजूत आहे. शास्त्रज्ञांनी ती मान्य करावी असा आग्रह नाही; आमच्या बोक्याने केली आहे.

माझी तक्रार आहे ती मांजराच्या कुशीत झोपलेल्या कोंबडीच्या पिल्लांच्या छायाचित्रांविषयी. ती पाहून लोक आपल्याही मांजरापुढे पिल्ले ठेवतात आणि कॅमेरा काढतात. नुकतेच अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम ४० ग्रॅमचे असते, चिवचिवते आणि तुरुतुरु पळते. शिकाऱ्याला आणखी काय हवे? ‘पण आमच्या मांजराचे पोट भरलेले असते’ हे उत्तर कामाचे नाही, कारण भूक आणि शिकारीची ऊर्मी मांजरात वेगवेगळ्या चालतात. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांसोबत वाढलेल्या मांजरांच्या १८ पिल्लांपैकी केवळ ३ पिल्लांनी पुढे उंदीर मारले, तर आईला शिकार करताना पाहत वाढलेल्या २१ पैकी १८ पिल्लांनी मारले. म्हणजे छायाचित्रातले मांजर कोणासोबत वाढले, हे त्या छायाचित्रात दिसत नाही.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा छापील विषय आता भराभर उरकतो. पहिले काही दिवस दोघांची भेट जाळीआडूनच होऊ द्यावी आणि मांजराला हुसकावण्यासाठी आरडाओरडा करू नये, कारण त्याने कोंबड्याच आधी पळतात. उबेसाठी दिवा लावलेल्या खोक्याकडे मांजरही ऊब शोधत येते, म्हणून पिल्लांच्या खोक्याला घट्ट जाळीचे झाकण हवे. पिल्लांवर खुडूक कोंबडी असेल तर काळजी उलट मांजराच्या डोळ्यांची करावी. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही आणि तिचा सगळा धाक तेथेच संपतो, म्हणून रात्री खुराड्याला कडी घालावी. जाळीची भोके पंजा आत जाणार नाही इतकी बारीक असावीत.

मांजराच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू असतो आणि कोंबड्यांचा कॉलरा त्याच जिवाणूमुळे होतो; दात लागलेली कोंबडी वरून धडधाकट दिसली तरी पशुवैद्याला दाखवावी. मेलेली कोंबडी मांजरापुढे टाकू नये, कारण बर्ड फ्लूने मांजरेही दगावतात. आणि कोंबड्यांच्या उवा-गोचिडांसाठी परमेथ्रिनची भुकटी वापरणार असाल, तर ती मांजराला विषारी असते. फवारलेल्या खुराड्याजवळ आणि भुकटी लावलेल्या कोंबड्यांजवळ त्याला मुळीच फिरकू देऊ नका.