भीतीची शिदोरी

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते रानातल्या अनाथ पिल्लांना सांभाळण्याविषयी. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. झाडावरून पडलेलं खारीचं पिल्लू मी एकदा घरी आणलं. डोळे मिटलेले, अंगावर लव नाही, हाताला गार लागत होतं. मला वाटलं, भुकेलं असणार. उताणं धरलं आणि ड्रॉपरनं गाईचं दूध पाजलं. सकाळी पाहिलं तर ते गेलं होतं.

माझं काय चुकलं ते पुढे एका प्राणिवैद्यानं समजावून सांगितलं. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, म्हणून आधी ऊब द्यायची आणि दुधाचं नंतर बघायचं. उताणं धरून पाजलं की दूध श्वासनळीतून फुफ्फुसात उतरतं. शिवाय गाईचं दूध वासरासाठी असतं, खारीच्या पिल्लाला ते मानवत नाही. हे सगळं ऐकून घेतलं, पण खरी चूक त्याच्याही आधीची होती, ती माझी मलाच नंतर उमगली. त्या झाडापासून लांब जाऊन मी थोडा वेळ थांबलोच नाही. खारीण खाली पडलेलं पिल्लू तोंडात धरून परत घरट्यात नेते. मी तिला ती संधीच दिली नाही.

‘अनाथ’ म्हणून उचलली जाणारी कितीतरी पिल्लं अनाथ नसतातच. सशाची मादी दिवसभर पिल्लांकडे फिरकत नाही. अंधार पडता पडता येते, घाईनं पाजते आणि निघून जाते. ती जवळ घुटमळत राहिली तर शिकाऱ्याला पिल्लांचा माग लागेल ना! हरणाचं पाडस गवतात निपचित पडून राहतं तेही याच कारणानं. पंख फुटलेलं पाखरू जमिनीवर टुणटुणत असेल, तर ते बहुधा उडायला शिकत असतं आणि त्याचे आईबाप जवळच्याच फांदीवर असतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात तथ्य नाही. घरट्यातून पडलेलं पिल्लू खुशाल उचलून परत घरट्यात ठेवावं.

आता खऱ्या अनाथांविषयी बोलू. पहिला डोंगर दुधाचाच. कांगारूच्या पिल्लाला गाईचं दूध पाजलं तर डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो. ससाण्याच्या पिल्लाला नुसतं मऊ मांस भरवलं, हाडं दिलीच नाहीत, तर चुन्याअभावी त्याची स्वतःची हाडं वाकतात. केनियात हत्तींच्या अनाथ पिल्लांचं आश्रयस्थान चालवणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी हत्तीच्या तान्ह्या पिल्लांसाठी वर्षानुवर्षं दुधाचे प्रयोग केले. गाईच्या दुधातली चरबी या पिल्लांना पचत नव्हती. अखेर खोबरेल तेलानं मार्ग निघाला.

पण त्यांना खरा धडा शिकवला तो आयेशा नावाच्या हत्तिणीच्या पिल्लानं. डॅफ्नीबाईंनी तिला तान्ही असल्यापासून वाढवलं होतं. मुलीच्या लग्नासाठी त्या काही दिवस बाहेर गेल्या आणि मागे आयेशानं खाणं सोडलं. ती वाचली नाही. तेव्हापासून तिथे एका पिल्लाला एकच सांभाळणारा असं ठेवत नाहीत. माणसं आळीपाळीनं पिल्लांजवळ झोपतात, रात्री दर तीन तासांनी उठून बाटली देतात. हत्तीला कळप लागतो, म्हणून माणसांनी मिळून तो कळप व्हायचं. पुढे ही पिल्लं त्सावोच्या रानात जातात, तिथल्या रानटी हत्तींच्या ओळखी होतात आणि एक दिवस ती आपली आपण निघून जातात. यात कित्येक वर्षं जातात. मोठ्या झालेल्या काही हत्तिणी रानात झालेलं आपलं बाळ घेऊन जुन्या जागी येतात. माहेरपणच म्हणा ना!

हे ऐकून वाटेल, प्रेम दिलं की झालं. इथेच आपण फसतो. हत्तीचं औषध वाघाला लावलं तर वाघ मरेल.

जंगली पिल्लाला त्याची आई दूध देते, शिकार शिकवते आणि माणसाला भ्यायला शिकवते. दूध आपण कसंबसं जुळवू. शिकार थोडीफार ते स्वतः शिकेल. पण माणसाची भीती त्याला माणसानं कशी शिकवायची? आपण तर गोंजारत बसतो, नाव ठेवतो, मोबाइलवर फोटो काढतो. त्या प्रत्येक गोंजारण्यात त्याची शिदोरी आपण खात असतो. माणसाला न घाबरणारा बिबट्या किंवा अस्वल वस्तीकडे येतं, आणि मग त्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून जाणकार माणसं चक्क सोंगं घेतात. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे बे मत्स्यालयात समुद्री ऑटरच्या, म्हणजे समुद्री पाणमांजराच्या, पिल्लांजवळ जाताना कर्मचारी अंगभर काळा झगा घालतात आणि तोंडावर वेल्डरचा मुखवटा चढवतात. पिल्लानं माणूस ओळखूच नये! 2001 मध्ये तिथे टूला नावाच्या मादीनं एका अनाथ पिल्लाला आपलं मानलं आणि पुढे अनाथ पिल्लं अशा मानलेल्या आईकडे सोपवायची पद्धतच पडली. शिंपले फोडायला ऑटर आईच शिकवू शकते, झगेवाला माणूस कितीही हुशार असला तरी. क्रौंचाच्या जातीच्या पक्ष्यांना वाढवणारी माणसंही पांढरा वेष घालून, हातात पक्ष्याच्या डोक्याची बाहुली धरून दाणे दाखवतात. दिसायला हे हास्यास्पद आहे, मान्य. पण पिल्लू आधी ज्याला पाहतं त्यालाच आपलं मानतं, हे प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी हंसांच्या पिल्लांवर दाखवून दिलं होतं. पुढे 1973 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

अस्वलांची तऱ्हा आणखी निराळी. अरुणाचल प्रदेशात पक्केच्या जंगलात अनाथ काळ्या अस्वलांच्या पिल्लांना सांभाळणारे रोज रानात फिरायला नेतात. मुळं कुठली उकरायची, मुंग्या कुठे सापडतात, झाडावर कसं चढायचं, हे पिल्लं चालता चालता शिकतात. हळूहळू ती लांब रेंगाळायला लागतात. एखाद्या संध्याकाळी परत येतच नाहीत.

सोडणं म्हणजे पिंजऱ्याचं दार उघडणं नव्हे. तिथे खायला पुरेसं आहे का, आधीपासून हद्द राखून बसलेला कुणी दांडगा नर आहे का, हे बघावं लागतं. आपल्या पाहुण्याकडून रानात रोग जाणार नाही याची तपासणी होते. गळ्यात रेडिओ पट्टा बांधून महिनोन्‌महिने माग ठेवला जातो. काही प्राणी कधीच सोडता येत नाहीत, आणि हे कबूल करायला धैर्य लागतं.

2012 च्या हिवाळ्यात रशियाच्या अतिपूर्वेला वाघाची एक छोटी मादी बर्फात एकटी सापडली. हिमदंशानं शेपटीचं टोक गेलं होतं. तिचं नाव झोलुश्का, म्हणजे सिंड्रेला. तिला मोठ्या बंदिस्त रानात ठेवलं आणि पाळत फक्त कॅमेऱ्यांनी ठेवली. आधी ससे, मग हरणं आणि रानडुकरं अशी जिवंत शिकार तिच्याकडे सोडली जायची. ती कोण सोडतं हे तिला कधी दिसलं नाही. मे 2013 मध्ये तिला बस्ताक अभयारण्यात सोडलं. तिथले वाघ कित्येक दशकांपूर्वी संपले होते.

2015 मध्ये तिथल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात एक आखूड शेपटीची वाघीण दिसली. मागून दोन पिल्लं चालत होती.