नुसतं मूव्ह

(दृश्य: काळ्या पडद्यावर शेजारीशेजारी दोन आकृत्या. डावीकडे फाटे फुटलेली, उजवीकडे एकच उभी रांग.)

या दोन्ही आकृत्या एकाच प्रोग्रामच्या आहेत. काम साधं आहे, मूळ संख्या शोधायच्या. डावीकडची आकृती नेहमीच्या सी कंपायलरनं, म्हणजे सी भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनानं, बनवलेल्या फाइलची. तिच्यात चौकटी आहेत, बाण आहेत. भाग गेला तर इकडे, नाही गेला तर तिकडे, असं बोट ठेवून वाचता येतं. उजवीकडे एकही फाटा नाही. वरपासून खालपर्यंत सूचनांची सरळ रांग, आणि प्रत्येक सूचना एकच: मूव्ह.

मूव्ह म्हणजे इथलं मूल्य घे आणि तिथे लिही. त्यात तुलना नाही, 'जर-तर' नाही. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरला शेकडो सूचना कळतात, त्यातली ही निव्वळ हमालीची.

तरी दोन्ही फाइली उत्तरं तीच देतात.

(दृश्य: केंब्रिज विद्यापीठाची संगणक प्रयोगशाळा, बाहेरून.)

हे शक्य आहे असं २०१३ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन डोलन यांनी एका छोट्या निबंधात दाखवलं. त्यातली मुख्य युक्ती तीन ओळींची आहे. दोन संख्या सारख्या आहेत का, एवढंच विचारायचंय. पण तुलनेची सूचना वापरायची नाही. मग काय करायचं?

(ॲनिमेशन: मेमरीचे क्रमांक घातलेले कप्पे. पाच आणि सात उजळतात.)

समजा संख्या आहेत पाच आणि सात. पाचव्या कप्प्यात शून्य लिहा. सातव्या कप्प्यात एक लिहा. आता पुन्हा पाचवा कप्पा वाचा. शून्यच आहे, म्हणजे संख्या वेगळ्या. दोन्ही संख्या पाच असत्या, तर शून्यावर एक लिहिला गेला असता आणि वाचताना एक मिळाला असता. तुलना झाली, आणि प्रोसेसरनं फक्त लिहिलं आणि वाचलं.

या शून्य-एकाच्या जोरावर 'जर'ही उभा राहतो. दोन पत्ते, म्हणजे मेमरीतल्या कप्प्यांचे क्रमांक, तयार ठेवायचे: एक खऱ्या व्हेरिएबलचा, दुसरा एका रद्दीच्या जागेचा. उत्तर एक आलं तर खरा पत्ता उचलायचा, शून्य आलं तर रद्दीचा. मग त्या पत्त्यावर लिहायचं. लिहिणं दोन्ही वेळा होतंच. फरक इतकाच, की एकदा ते कामी येतं आणि एकदा फुकट जातं.

(विराम.)

इथे जरा थांबूया, कारण सगळी गंमत इथेच आहे. नेहमीचा प्रोग्राम नको असलेला भाग ओलांडून पुढे जातो. मूव्हच्या प्रोग्रामला काहीच ओलांडता येत नाही. उडी मारायची वेळ आली, की तो मुक्कामाचं ठिकाण एका जागी लिहून ठेवतो आणि 'चालू' ही खूण बंद करतो. पुढच्या सूचना चालतच राहतात, पण त्यांचं सगळं लिखाण रद्दीत जातं. ते ठिकाण आलं, की खूण पुन्हा चालू. आणि ठिकाण मागे राहिलं असेल तर? शेवटपर्यंत जायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

(दृश्य: टर्मिनलवर सरकणारी असेंब्लीची यादी.)

डोलन यांचं लिखाण कागदावर होतं. अमेरिकेतल्या क्रिस्टोफर डोमस या सुरक्षा-संशोधकानं त्यातून खराखुरा कंपायलर बनवला आणि २०१५ मध्ये माँट्रियलच्या रीकॉन परिषदेत तो मांडला. नाव, मोव्हफस्केटर. पहिल्या आवृत्तीला सी भाषा कळत नव्हती. आठच चिन्हांच्या एका विक्षिप्त भाषेत लिहिलेला प्रोग्राम तिला लागायचा. पुढच्या आवृत्तीत डोमसनं एलसीसी हा जुना, आटोपशीर सी कंपायलर घेतला आणि त्याचा शेवटचा, यंत्राची भाषा लिहिणारा भाग बदलला. मग फंक्शनं, पॉइंटर, दशांश संख्या, सगळं मूव्हमध्ये उतरू लागलं.

बेरीज कशी होते? पाढ्यांसारखी. उत्तरांची कोष्टकं आधीच मेमरीत मांडून ठेवलेली असतात. संख्येचे तुकडे करायचे, तुकड्याचं उत्तर कोष्टकातून वाचायचं, हातचा पुढच्या तुकड्याला द्यायचा.

एक प्रश्न मात्र उरतो. शेवटून पुन्हा पहिल्या ओळीवर जायला उडी लागतेच ना? डोलन यांनी ती प्रामाणिकपणे मान्य केली आणि अगदी शेवटी एक जंप ठेवली. डोमसनं तीही काढली. त्यानं मुद्दाम एक बेकायदा मूव्ह लिहिलं. प्रोसेसर ते नाकारतो, ऑपरेटिंग सिस्टीम 'चुकीची सूचना' असा सिग्नल पाठवते, आणि त्या सिग्नलसाठी नेमून ठेवलेला पत्ता असतो प्रोग्रामच्या सुरुवातीचा. पडद्यावर मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफसारखं बाहेरचं फंक्शन बोलवायलाही असाच एक मुद्दाम केलेला सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक.

ही लबाडी आहे का? थोडी आहे. उडी अखेर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नलच मारतं. शिवाय एक्स८६चं मूव्ह दिसतं तितकं गरीब नाही. पत्ता काढताना ते गुपचूप बेरीज करतं, आणि एकाच नावाखाली कितीतरी वेगवेगळे मशीन कोड दडलेले आहेत.

(दृश्य: एफपीजीए बोर्ड, जवळून.)

खरोखर एकाच सूचनेचा संगणक हवा असेल, तर सबलेककडे जावं लागतं. वजाबाकी कर, उत्तर शून्य किंवा त्याहून कमी आलं तर सांगितलेल्या जागी उडी मार, बस. ओलेग माझोंका आणि ॲलेक्स कोलिन यांनी असे २८ प्रोसेसर एका स्वस्त एफपीजीए बोर्डावर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपच्या बोर्डावर) बसवले, सीसारख्या भाषेसाठी कंपायलरही लिहिला, आणि २०११ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. तत्त्वाच्या दृष्टीनं सबलेक जास्त सोवळं. पण ते घरच्या लॅपटॉपवर थेट चालत नाही, आणि मोव्हफस्केटरची फाइल चालते.

(दृश्य: डूमचा पहिला पडदा. स्थिर.)

किती वेगानं, ते विचारू नका. विचारलंच, तर डूम घ्या. १९९३ चा हा खेळ मूळ रूपात सेकंदाला ३५ चित्रं दाखवतो. निव्वळ मूव्हमध्ये कंपाइल केलेल्या डूमला एक चित्र काढायला साधारण सात तास लागतात. म्हणजे खेळातला एक सेकंद पाहायला दहा दिवसांहून अधिक.

पण डोमसला वेग नकोच होता. रिव्हर्स इंजिनिअर, म्हणजे तयार प्रोग्राम उकलून तो कसा चालतो ते शोधणारा, फाइल उघडतो तेव्हा आधी फाटे शोधतो. पासवर्ड कुठे तपासला, चूक निघाल्यावर गाडी कुठे वळली, हे त्याला फाट्यांवरून कळतं. इथे पासवर्ड बरोबर असो वा चूक, सूचना त्याच आणि त्याच क्रमानं चालतात.

अर्थात, कंपायलर हाही प्रोग्रामच. त्याची हाताची सवय सुटत नाही. प्रत्येक तुलना, प्रत्येक खूण तो ठरावीक साच्यातच लिहितो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात हे साचे हुडकणारं डीमोव्हफस्केटर तयार झालं. कुठली मूल्यं कुठून कुठे वाहतात याचा ते माग काढतं, 'चालू' खूण ओळखतं आणि प्रोग्रामचा मूळ आराखडा बऱ्याच अंशी परत मांडतं.

डोमसच्या संचात मात्र मूव्ह संपलं तरी सामान संपत नाही. तोच प्रोग्राम फक्त एक्सॉरमध्ये (दोन बिट वेगळे असले तरच एक देणाऱ्या सूचनेत), फक्त वजाबाकीत किंवा फक्त बेरजेत बदलून देणारी साधनंही तिथेच ठेवलेली आहेत.