डोक्याचा आजार आणि आजूबाजूची माणसं

नमस्कार मंडळी. आज जरा अवघड विषय काढलाय, पण रानात असा नाहीतर चुलीपुढं असा, कानावर पडू द्या. ज्याला आपण येड लागलं म्हणून मोकळं होतो आणि डॉक्टर सायकोसिस म्हणतात, त्याबद्दल बोलायचंय. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं, शेजारी पाळत ठेवतात असं ठाम वाटणं, जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताट सरकवणं, असं सगळं. मी बीडकडचा, पेशंटच्या घरच्यांशी बोलत बसणं हेच माझं काम, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, साहेब हे कशानं झालं हो?

आता यात मेंदूचा भाग आहे, घराण्यातून येणारा भाग आहे, गांजा लई ओढला तर त्याचाही आहे, ते कुणी नाकारत नाही. पण माणूस कुणात राहतो, त्याला कोण काय म्हणतं, त्याच्या वाट्याला काय आलं, हे पण त्यात असतंय आणि ते थोडंथोडकं नाही. १९३२ साली ओदेगॉर नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरानं दाखवलं की देश सोडून अमेरिकेत मिनेसोटाला गेलेल्या नॉर्वेकरांत स्किझोफ्रेनिया, म्हणजे सायकोसिसमधलाच एक लांबणारा आजार, मागं राहिलेल्यांपेक्षा जास्त आहे. त्याला वाटलं, जे आधीच नाजूक होते तेच निघून गेले असतील. पटतंय ना? पण पुढं इंग्लंडमध्ये कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांत हा आजार कितीतरी पट जास्त सापडला, आणि तिथंच जन्मलेल्या त्यांच्या पोरांतही सापडला, अन पोरांनी तर कुठलंच गाव सोडलं नव्हतं. बरं, त्यांच्या मूळ बेटांवर बघितलं तर प्रमाण तेवढं नाही. लंडनमध्ये असंही दिसलं की ज्या वस्तीत स्वतःच्या समाजाची माणसं कमी तिथं धोका जास्त. म्हणजे नुसतं जाण्यानं होत नाही, गेल्यावर कुणी आपलं म्हणतंय का, यावर बरंच आहे. लहानपणी मारहाण, छळ, अत्याचार सोसलेल्यांत तर हा धोका साधारण पावणेतीन पट निघतो, ते २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे.

तिकडचं सगळं जसंच्या तसं इकडं चिकटवायचं नाही, हेही सांगतो. युरोपात शहरात वाढलेल्यांना धोका जास्त दिसतो, आपल्यासारख्या देशांत तसं नीट दिसत नाही. पण माझं स्वतःचं एक निरीक्षण आहे. ऊसतोडीला जाणारी टोळी, त्यांचे हाल काय सांगायचे, उचल अंगावर, मुकादमाचा तगादा, पहाटे थंडीत फडात, तरी कोप्या शेजारी शेजारी असतात आणि कुणाचं लेकरू दोन रात्री झोपलं नाही तर तिसऱ्या दिवशी टोळीभर माहीत होतं. चाकणला कंपनीत एकट्यानं गेलेल्या पोराचं तसं नाही. असंच एक पोरगं आलं होतं आमच्याकडं, एका खोलीत पाच जण पण शिफ्ट वेगवेगळ्या, त्यानं खिडकीला पेपर चिकटवले, सिम तोडून टाकलं, सुपरवायझर भिंतीतून बोलतो म्हणायचं, आणि खोलीतल्यांना वाटलं प्रेमभंग झाला असंल. ठेकेदारानं एसटीत बसवून दिलं. मग घरी आल्यावर देवरुशी झाला, सैलानीला नेऊन आणलं, लिंबू उतरवले, आणि मामा म्हणाले लग्न करून द्या, सुतासारखा सरळ होईल. हे लग्नाचं कृपा करून कुणी करू नका हो, त्याचाही जीव जातो आणि न सांगता आणलेल्या पोरीचाही. देवाला जा, मला काही म्हणायचं नाही, पण दवाखान्यात त्याच आठवड्यात जा, कारण उपचाराशिवाय जितका काळ जातो तितकं बरं होणं जड जातं.

गोळ्यांनी आवाज कमी झाले त्याचे. खरं काम तिथून पुढं. आई दिवसभर मागं लागायची, गोळी घेतली का, आंघोळ केली का, बापाचं एकच पालुपद, ऐतखाऊ. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी फार वर्षांपूर्वी हेच पकडलं होतं, ज्या घरात पेशंटवर सतत टोमणे नाहीतर सतत पहारा, त्या घरात आजार लवकर उलटतो. १९८० च्या दशकात चंदीगडच्या घरांत असं बोलणं लंडनपेक्षा कमी निघालं, चांगली गोष्ट, पण म्हणून आपली घरं आपोआप चांगली असं समजू नका, मी रोज बघतो ना. त्या आईला एवढंच सांगितलं, गोळीचं रात्री एकदाच विचारा. अन चुलत्यानं त्याच्याकडं सकाळी डेअरीला दूध घालायचं काम दिलं, कॅनसकट वहीसुद्धा. फॅट किती लागली ते लिहून आणायला लागलं ते, आणि डेअरीवर लोक विचारायला लागले, काय रे, आज उशीर?

२०१४ साली आपल्या साताऱ्यासह गोवा आणि तामिळनाडूत झालेला एक अभ्यास छापून आला, त्यात दवाखान्याच्या उपचारासोबत साधं शिक्षण घेतलेले गावचेच कार्यकर्ते ट्रेनिंग देऊन घरोघर पाठवले. वर्षभरानं नुसता दवाखाना केलेल्या पेशंटपेक्षा, ज्यांच्या घरी हे कार्यकर्ते गेले त्या पेशंटचा त्रास कमी होता. फरक लई मोठा नव्हता, खोटं कशाला बोलू, पण होता.

तर कुणाच्या घरी असं काही सुरू असंल तर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर लिहून घ्या, १४४१६, फुकट आहे, रात्रीपण लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारवाले असतात तिथं या. आणि येताना सोबत गावचा पुढारी नको, पेशंटबरोबर रोज जेवायला बसणारं माणूस आणा, आम्हाला विचारायचं असतं ते त्यालाच ठाऊक असतं. चला, येतो. नमस्कार.