पिंप, निखारे आणि हवेची वेसण

(पिंपातून उसळणाऱ्या ज्वाळा)

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतलं हे एक परसदार. जुन्या पिंपाचा इथे स्मोकर होतोय, म्हणजे मांस धुरावर सावकाश भाजायची भट्टी. मांसाची वेळ अजून लांब आहे, आज पिंपालाच भाजायचंय. ५५ गॅलनचं, म्हणजे २०८ लिटरचं लोखंडी पिंप. पूर्वी खाण्याचंच काही भरलेलं असेल, तरच ते घ्यायचं. गंज चढू नये म्हणून आतून दिलेला थर असतो, तो असा रसरसून जाळावा लागतो. मग तारेच्या ब्रशने घासायचं, खरवडायचं, तेलाचा हात फिरवायचा.

(ड्रिल, ठिणग्या)

तळापासून दोन इंचांवर पाऊण इंची चार भोकं. त्यांत नळाचे तुकडे बसवले. एकाला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे हवा कमी-जास्त करायची चावी; बाकी तिघांना काढता-घालता येणाऱ्या टोप्या. धूर बाहेर पडायला झाकणालाही भोकं आहेत. आगीजवळ जस्ताचा मुलामा दिलेलं काही वापरू नका, तापलं की त्याचा धूर विषारी.

कोळशाची टोपली पायांवर उभी आहे, म्हणजे राख खाली गळते आणि खालच्या कोळशापर्यंत वारा पोचतो. निखाऱ्यांपासून दोन फूट वर मांसाची जाळी. मध्ये पत्रा नाही, पाण्याचं भांडं नाही. चरबी थेट निखाऱ्यांवर ठिबकते आणि तिचाच धूर परत मांसाला लागतो. दुकानातल्या महागड्या स्मोकरमध्ये नेमकी हीच वाट बऱ्याचदा अडवलेली असते.

(टोपलीवर ओतले जाणारे लाल निखारे)

न पेटलेल्या कोळशावर मूठभर पेटलेले निखारे. जिम मिनियन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत. आग वरून खाली, सावकाश सरकत जाते.

चुलीला आपण फुंकणीने वारा घालतो. इथे सगळी कसब वारा तोडण्यात. हवं असतं २२५ ते २७५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण १०७ ते १३५ सेल्सिअस. थर्मामीटरचा काटा तिथे पोचण्याआधीच टोप्या लावायला घ्यायच्या. एकदा भडकलेलं पिंप लवकर खाली येत नाही. व्हॉल्व्ह जरासा फिरवायचा आणि हात बांधून बसायचं, काटा उशिरा हलतो. आणि झाकण उघडून बघायची खोड असेल, तर ती आवरा; आत हवा शिरली की निखारे फुलतात. पांढरा, दाट धूर असेपर्यंत मांस आत जात नाही. निळसर, विरळ धूर दिसला की डुकराचा खांदा जाळीवर.

(थर्मामीटरचा काटा)

मांस आतून सत्तर सेल्सिअसच्या आसपास आलं की तासन्‌तास तिथेच अडतं. पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं, ते गारवा धरतं. कोळसा वाढवायचा मोह इथेच होतो. थांबायचं. पंचाण्णवच्या आसपास मांसाला चिवट ठेवणाऱ्या कोलॅजनचं मऊ जिलेटिन झालेलं असतं, हाड हाताने निघतं.

धुरावरचं, चरबीचं हे मांस रोजच्या ताटातलं नव्हे, आणि शेजाऱ्यांच्या खिडक्याही बंद होतात.

(बंद होणारा व्हॉल्व्ह)

शेवटी व्हॉल्व्ह बंद, टोप्या घट्ट, वरची भोकंही बुजवली. वारा तुटला की उरलेला कोळसा विझतो; पुढच्या वेळी राख झटकून त्याच्यावरच नवा ओतायचा.