अंगणातली अंजनी

ही राखाडी फांदीला निळी-जांभळी झालर लागलीय ना, ती लायटिंग नाहीये बरं का, फुलं आहेत. झाड अंजनीचं. महाबळेश्वरचं जंगल म्हणजे मुख्यतः जांभूळ, पिसा आणि ही अंजनी, म्हणजे तुम्ही स्ट्रॉबेरी क्रीम खायला जाताना हिच्या खालून कितीदा तरी गेला असाल, पण बहर येतो उन्हाळ्यात आणि आपली नजर असते पॉइंटवर.

मी रोप आणायला गेलो तर नर्सरीवाल्याने "अंजन" म्हणून भलतंच गळ्यात मारलं. घरी येऊन बघतो तर पान जोडपानाचं, आपट्यासारखं! तो खानदेशातला अंजन, हार्डविकिया, उंचच उंच होणारा, अंगणात कुठे ठेवू त्याला? अंजनीची पानं समोरासमोर, जाड, चकचकीत आणि मधली शीर सोडली तर बाकीच्या शिरा दिसतच नाहीत. एवढं बघूनच रोप घ्या.

शेवटी बियांपासूनच केलं. पावसाळ्यात पिकलेली फळं आणली, गर धुतला आणि लगेच पेरलं, कारण हे बी सुकलं की गेलं, डब्यात भरून पुढच्या वर्षी लावू म्हणाल तर विसरा.

आता खरं सांगतो, हे झाड भयंकर सावकाश वाढतं. लाकूड लोखंडासारखं कडक, मग घाई कशाला करेल ते! शेजारचे काका दर वर्षी विचारायचे, अरे हे जिवंत आहे ना? पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी दिलं, पालापाचोळा टाकला, बस. अर्धी सावली चालते. फक्त कात्री लांब ठेवा, फुलं जुन्या फांदीवर, पानं गळून गेलेल्या पेरांवर येतात, छाटलंत की बहर गेला.

फुलं आली की मधमाश्या. मग वाटाण्याएवढी फळं, हिरवी, पिवळसर, आणि शेवटी काळी-जांभळी, टोकाला इवलीशी वाटी. चव तुरट-गोड, पोरांच्या जिभा जांभळ्या. मी चार-पाच खातो आणि बाजूला होतो, कारण बुलबुलांची जोडी तारेवर बसून माझ्याकडे असं बघते की मीच चोर!

आणि हे बघा, कढीपत्त्याच्या कुंडीत. दोन चकचकीत पानं, समोरासमोर. मी काही पेरलं नव्हतं इथे.